एकपात्री

परवानगीच्या अर्जात ‘पात्रे’ असा रकाना होता.
मी लिहिलं: एक.
खोटंच होतं ते.

अप्पा बळवंत चौकातल्या छापखान्यात
पोस्टर जुळवणारा म्हणाला, मॅडम, ‘लेस्बियन’मध्ये
‘स’ अर्धा ना?
अर्धा, म्हटलं. बाकी सगळं पूर्ण घ्या.

पुण्यात कुणालाही जुनं काही विचारलं
की उत्तर तयार असतं: पुरात गेलं.
फोटो? पुरात. पत्रं? पुरात.
एकसष्टच्या त्या पाण्यानं
जे कधी घरात नव्हतंच, तेही वाहून नेलंय म्हणे.

माझ्या हाती लागलं ते पुरानंतरचं,
गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीतलं एक रेशनकार्ड.
कुटुंबप्रमुख इंदिरा खांबेटे, चित्रकला शिक्षिका.
खाली द्वारका साळवी, टेलिफोन ऑपरेटर.
नातं: मावसबहीण.
खांबेटे आणि साळवी मावसबहिणी कशा,
हे कारकुनानं विचारलं नाही.
साखर मात्र दोन माणसांची देत राहिला
एकवीस वर्षं.

तेवढ्यावर मी पंचावन्न मिनिटं उभी केली.

अडचण एकच. मिठी.
एका अंगानं दोघींची मिठी कशी मारायची?
उजवा हात इंदिरेचा केला, नखांत निळा रंग.
डावा द्वारकेचा, सवयीनं कानाकडे जाणारा.
दोन्ही हात एकमेकांना भेटले
की बघणाऱ्याला वाटायचं, बाई नमस्कार करते आहे.
शेवटी प्रल्हादला म्हटलं, इथे अंधार कर.
तो दिव्यांच्या शिडीवरूनच म्हणाला,
इतकी वर्षं तोच तर होता.
मग उजेड ठेवला.

एरंडवण्यातल्या शाळेचं सभागृह. बेचाळीस खुर्च्या, सतरा माणसं,
त्यातली चार आमचीच.
शेवटच्या रांगेत दोन मुली, हेल्मेटं मांडीवर,
निघायच्या तयारीनंच आल्यासारख्या.
मी सगळं हळू केलं. चहा हळू, वेणी हळू,
खिडकी लावून घेणं तर फारच हळू.
इतिहास म्हटलं की माणूस पाय न वाजवता का चालतो, कोण जाणे.

प्रयोगानंतर तिसऱ्या रांगेतल्या बाई थांबल्या.
ऐंशी पार. काठीला नवं रबरी बूच.
म्हणाल्या, इतक्या गप्प नव्हत्या गं त्या.
भांडायच्या. रॉकेलवरून, रेडिओवरून,
द्वारकेच्या रात्रपाळीवरून तर कडाक्याचं.
आणि मग हसायच्या, चांगल्या खिदळायच्या.

तुम्हाला कसं माहीत?

मधली भिंत चार इंची होती, त्या म्हणाल्या.
आणि जरा थांबून:
फुलपात्र लावून ऐकायचे. हे झोपले की.
लग्नात आलेलं, नाव घातलेलं.

रिक्षा आली. नाव त्यांनी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
चढता चढता एवढंच बोलल्या,
कान गार पडायचा गं,
पण काढवत नसे.

आता प्रयोगात रॉकेलवरचं भांडण आहे.
त्याला हशा येतो.
आणि एक तिसरी आहे, तिला संवाद नाहीत.
ती फुलपात्र तुमच्या दिशेनं हवेत टेकवते,
कान लावते, मिनिटभर उभी राहते.
पहिल्या वेळी नुसता पंखा ऐकू आला.
परवा कुणीतरी खुर्ची सरकवली,
शेजारच्या खुर्चीजवळ.

फुलपात्र तुळशीबागेतलं, स्टीलचं.
दुकानदार मशीन हातात घेऊनच बसला होता.
नाव घालायचं ना? फुकट आहे.
कुणाचं घालू?

म्हटलं, राहू दे.
अजून विचारते आहे.